डावखुऱ्यांनी ऑपरेशन थिएटरात (ओटीत) कात्री, आर्टरी (रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा) कशी धरायची? अंगठा बधिर होतोय

डावरी_गुहागर:
नमस्कार, सर्जरीत रेसिडेंट आहे, पहिलं वर्ष. मी डावखुरी, त्यात ग्लोव्हज लागतात सहा नंबरचे. मेयो कात्रीने दोरा कापायला गेले की कापतच नाही, पात्यांमध्ये मुडपतो, आणि आर्टरीचं रॅचेट (मिटल्यावर अडकवून ठेवणारे दाते) सोडताना अंगठा उलटा पिळावा लागतो. लॅपच्या (दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या) केसला दोन तास ग्रास्पर (लांब दांड्याचा चिमटा) धरून उभी राहिले की अंगठ्याची बाजू रात्रीपर्यंत बधिर. सगळे म्हणतात उजव्या हाताची सवय कर. जेवायचा हात लहानपणी आजीने बदलून घेतला, आता हाही बदलायचा का, खरंच सांगा.

लॅपवाली_सावंतवाडी:
अगो, दोष तुझ्या हाताचा नाही. कात्री उजव्या हातासाठी घडवलेली असते. उजव्याने मिटताना अंगठा रिंग बाहेर ढकलतो, बोटं आत ओढतात, म्हणून पाती एकमेकांना घासत जातात, डाव्या हातात तोच जोर पाती फाकवतो आणि दोरा मधे मुडपतो. डावखुऱ्यांची कात्री मिळते, पात्यांची मांडणी आरशातल्यासारखी उलटी, एक तरी स्वतःची घे. नीडल होल्डरही (सुई धरायचा चिमटा) डावखुऱ्यांचा मिळतो. रॅचेट सोडायला एक रिंग अंगठा नि तर्जनीच्या चिमटीत धर आणि दुसरी मधल्या बोटाने पलीकडे ढकल, अंगठा रिंगेत घालूच नकोस. घरी रिकाम्या आर्टरीवर शंभरदा कर, बसेल हातात.
बधिरपणा मात्र मनावर घे. रिंगची कड अंगठ्याच्या बाजूने जाणारी नर्व्ह दाबते. अंगठा पहिल्या पेराच्या पुढे आत नको, आणि ग्रास्पर नुसता धरून ठेवायचा असेल तर हँडल तळव्यात घे. लॅपची इन्स्ट्रुमेंट लांब, त्यामुळे हात वर जातात आणि खांदे भरून येतात, म्हणून टेबल ओपन (मोठा छेद घेऊन करायच्या) केसपेक्षा खाली घ्यायला लाव, हँडल कोपराच्या उंचीला आलं पाहिजे. टेबल उतरत नसेल तर पायाखाली स्टूल माग, लाजू नकोस.

ओटी_सिस्टर_चिपळूण:
मॅडम, आधी आर्टरीचा सांधा बघा. आपल्याकडे पावसात हवा इतकी दमट, सांध्यात ओल राहिली की गंज धरतो, मग इन्स्ट्रुमेंट घट्ट होतं आणि सगळा जोर अंगठ्यावर, हात डावा असो की उजवा. सलाइनमध्ये भिजत टाकायचं नाही, धुऊन सांधा उघडा ठेवून कोरडा करायचा, ऑटोक्लेव्हलाही (वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनला) रॅचेट उघडंच ठेवून लावायचं म्हणजे वाफ आत जाते. तेल इन्स्ट्रुमेंटचंच, पाण्यात विरघळणारं. आमच्या एका वॉर्डबॉय मामांनी मशीनचं तेल घातलेलं, तेलाखाली वाफ पोचत नाही, अख्खा सेट परत धुवायला लागला.

डावरी_गुहागर:
सिस्टर, आज बघितलं, सेटमधल्या दोन आर्टरी खरंच कडक निघाल्या, बाजूला काढल्यात. चिमटीने सोडणं जमायला लागलंय. पण माझी डावी कात्री ट्रेमधून दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तर त्यांचंही माझ्यासारखंच होईल ना?

ओटी_सिस्टर_चिपळूण:
होईल की. रिंगेला रंगीत इन्स्ट्रुमेंट टेप लावा, ऑटोक्लेव्ह सोसणारा मिळतो, आणि केस सुरू व्हायच्या आधी स्क्रब सिस्टरला सांगून ठेवा, ती तुमच्या डाव्या हातातच देईल.