मदत हवी आहे: आई-आप्पांसाठी गादी घ्यायची आहे, गाव पावसाचं आणि पलंग जुन्या मापाचा

खानापूरकडचा:
नमस्कार मंडळी. गाव जांबोटीच्या पट्ट्यात, त्यामुळं जून ते सप्टेंबर घरात काही म्हणून वाळत नाही. आप्पांचं वय ७२, वजन ८० किलोच्या आसपास, कंबर कायम धरलेली. डॉक्टरांनी एक्स-रे बघून मणक्याची झीज म्हणून सांगितलं, गोळ्या-व्यायाम दिले आणि खड्डे पडलेली कापसाची गादी बदला म्हणाले. आई ६६ वर्षांची, अंगानं बारीक. आजवर जमिनीवरच गादी घालून झोपायची, आता गुडघ्यांमुळं खाली बसता-उठता येत नाही. तिच्यासाठी ७२ × ३६ इंचाची साधी कॉट आणली आहे. आप्पांचा पलंग मात्र गावच्या सुतारानं केलेला, आतून ७४ × ४७ इंच. तो बदलायचा नाही, त्यावर घरात चर्चासुद्धा होत नाही.

बेळगावात खडेबाजार, शहापूर असं फिरलो. एका दुकानात म्हणाले "ऑर्थो घ्या", दाखवली ती दगडासारखी टणक. दुसऱ्या दुकानातली "ऑर्थो" अंगठा लावला तरी आत जात होती. तिसऱ्यानं दोन्ही खोट्यात काढून स्प्रिंगची गळ्यात मारायला बघितली. प्रत्येकाकडं छापील किमतीवर चाळीस-पन्नास टक्के सूट, म्हणजे मूळ किंमत कुणाची खरी तेच कळेना. पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो ऑनलाइन मागव, शंभर रात्री वापरून आवडली नाही तर परत. दोन्ही गाद्या मिळून बजेट वीस हजार. काय बघून घ्यायची? काथ्याची आमच्याकडं कुजेल का? आणि ७४ × ४७ चं काय करायचं?

टिळकवाडीकर:
कडकच घ्या ओ. आमचे आजोबा आयुष्यभर फळीवर सतरंजी घालून झोपले, एक दिवस कंबर दुखली नाही. हे सगळं फोम-बिम अलीकडचं फॅड.

निळी पिशवी:
@टिळकवाडीकर, आजोबा शेतात राबत असणार, त्याचं श्रेय फळीला कशाला? कडक गादी म्हणजे कंबरेला चांगली हे सगळीकडं ऐकू येतं, पण ते तपासून बघितलेलं आहे. २००३ साली लॅन्सेटमध्ये स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ लोकांना दोन गटांत वाटून कडक आणि मध्यम-कडक गाद्या दिल्या, कुणाला कुठली ते न सांगता. ९० दिवसांनी मध्यम-कडकवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला. फार कडक गादीवर कुशीवर झोपलं की खांदा आणि खुबा टेकतात, कंबर मात्र अधांतरी राहते. फार मऊ असली की बूड खाली जातं. दोन्हीकडं मणका वाकडाच.

"ऑर्थो" या शब्दावर जाऊ नका. असा शिक्का मारण्याआधी कुठल्या डॉक्टरांच्या संस्थेकडून गादी पास करून घ्यावी लागते असं काही नाही. ज्याला वाटेल तो छापतो, म्हणून तर दोन दुकानांत दोन तऱ्हेच्या निघाल्या.

खानापूरकडचा:
हे चांगलं झालं. पण मध्यम-कडक म्हणजे नेमकं किती? दुकानदार म्हणतो ३२ डेन्सिटी मऊ, ४० डेन्सिटी कडक. तेवढं बघितलं की झालं का?

फोम कापणारा:
नाही झालं. मी काही वर्षं फोम कापायच्या कामावर होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोत वजन. कडकपणा ही वेगळी गोष्ट. ४० डेन्सिटीचा मऊ फोमही बनतो आणि कमी डेन्सिटीचा कडकही. डेन्सिटीवरून कळतं ते गादी किती वर्षं तग धरेल. हलका फोम नवीन असताना छान वाटतो, वर्ष-दोन वर्षांत बुडाच्या जागी बसतो. आप्पांच्या वजनाला पायाचा मुख्य थर ३२ च्या खाली नको, ४० मिळाला तर उत्तम. आईच्या वजनाला ३२ पुरे.

आता हे कागदावर कोणीही लिहितं. म्हणून हिशोब करा. लांबी, रुंदी, जाडी इंचात घेऊन गुणाकार करायचा आणि ६१,०२४ नं भागायचं, की घनमीटर मिळतात. तुमचा पलंग ७४ × ४७, जाडी ६ धरली तर ०.३४ घनमीटर. ४० डेन्सिटीला फोम साधारण साडेतेरा किलो भरला पाहिजे, ३२ ला अकराच्या आसपास. कव्हरचं वजन वरून वेगळं. दुकानात वजनकाटा नसला तर गादी उभी करून बाथरूम स्केलवर ठेवा, किंवा स्वतः गादी उचलून काट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. सहा इंची "४० डेन्सिटी" गादी कव्हरसकट नऊ किलो भरली तर पुढं बोलायचं कारण नाही.

आता यातली पळवाट. वजन कमी भरलं तर लबाडी नक्की, पण वजन बरोबर भरलं म्हणून माल चांगला असं नाही. स्वस्त फोममध्ये खडूसारखी पूड मिसळून वजन वाढवतात. असा फोम कोपऱ्याला चोळला की भुगा सुटतो आणि दाबून सोडल्यावर आळसावून वर येतो. दुसरं म्हणजे रिबॉन्डेड. फोमचे तुकडे चिकटवून दाबलेली लादी, आत रंगीबेरंगी ठिपके दिसतात. ती ८०-१०० डेन्सिटीची असते, जड आणि टणक. तुम्हाला दाखवलेली "दगडासारखी" तीच असणार. वाईट नसते. खाली तीन-चार इंच रिबॉन्डेड आणि वर दोन इंच चांगला मऊ फोम ही जोडणी आप्पांच्या वजनाला चालते. नुसत्या रिबॉन्डेडवर म्हातारी माणसं झोपू शकत नाहीत.

म्हणून चेन असलेलंच कव्हर घ्या आणि दुकानात चेन उघडून आतले थर बघा. "कंपनीचं सील आहे, उघडता येत नाही" म्हणाले तर त्याच मॉडेलचा कापलेला नमुना मागा. बहुतेक दुकानांत तो असतो, फक्त मागितल्याशिवाय काउंटरखालून वर येत नाही.

पिंजणाचा नातू:
काथ्याचं मी सांगतो. आमच्याकडं काथ्याच्या गादीला सरसकट कर्लॉनच म्हणतात, कंपनी कुठली का असेना. काथ्यावर रबराचा चीक मारून दाबलेला असतो. हवा खेळती राहते, उन्हाळ्यात गरम होत नाही, हा मोठा गुण. कुजण्यापेक्षा तिला धोका बुरशीचा, आणि तो गादीमुळं कमी, खालच्या पेटीमुळं जास्त. बंद पेटीचा पलंग, वर अखंड प्लाय, त्यावर गादी, भिंतीला चिकटून. मग खालून दमट राहणारच. पट्ट्यांचा पलंग असेल तर प्रश्न निम्मा सुटला. फक्त दोन पट्ट्यांमध्ये तीन इंचांपेक्षा जास्त फट नको, नाहीतर फोम असो की काथ्या, फटीत बसतो. प्लाय असेल तर सुताराकडून भोकं पाडून घ्या. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गादी उभी करून पंखा लावायचा.

काथ्याचा दुसरा दोष म्हणजे मध्ये बसला की बसला. कापसाची गादी पिंजून परत भरता येते, काथ्याला तो उपाय नाही. आमच्या आजोबांच्या पिंजणावर एकेक गादी तीन-चार पिढ्या फिरून आलेली बघितली आहे. म्हणून सांगतो, ती जुनी गादी टाकू नका. कापूस चांगला असेल तर पिंजून घ्या, त्यात दोन पातळ गाद्या आणि वर उश्या होतील. फक्त उशीत सावरीचा कापूस भरू म्हणून कोणी म्हणाला तर उघडून दाखवायला सांगा, आजकाल सावरीच्या नावावर पॉलिस्टरच जास्त भरतात.

निपाणीकर:
ऑनलाइनवर माझे दोन शब्द. शंभर रात्रींची सोय खरी असते, पण नियम वाचा. पहिलं, पिनकोड. सामान घरपोच येतं म्हणजे परत न्यायलाही येतील असं नाही. दोन्ही वेगवेगळं विचारा, आणि उत्तर फोनवर नको, चॅट किंवा मेलवर घ्या. दुसरं, तुमचं ७४ × ४७. खास मापाची गादी बहुतेक ठिकाणी परत घेतच नाहीत. म्हणजे आप्पांच्या गादीला शंभर रात्रींचा उपयोग शून्य, ती इथंच बनवून घ्या. आईची ७२ × ३६ चालू मापाची आहे, ती ऑनलाइन घेतली तर चालेल. गुंडाळून दाबलेली येते, पूर्ण फुगायला एक-दोन दिवस लागतात, वासही येतो, खिडकी उघडी ठेवा.

आणि वॉरंटी. आम्ही निपाणीवाले खरेदीला कोल्हापूरला जातो, गादीही तिथलीच. मध्ये खड्डा पडला, तक्रार केली, माणूस आला, दोरी ताणून माप घेतलं आणि म्हणाला खड्डा एक इंचापेक्षा कमी आहे, बसत नाही. कार्डावर बारीक अक्षरात तसं होतंच. त्यावर पुन्हा दुकानदार म्हणाला तुमचा पत्ता कर्नाटकातला, तिकडच्या वितरकाला भेटा. इकडचा म्हणाला बिल तिकडचं आहे. कंपनीचं नाव घेत नाही. दहा वर्षांची वॉरंटी असं ऐकलं की आधी विचारा: किती खोल खड्डा पडला तर बदलणार? पूर्ण गादी देणार की वर्षांच्या हिशोबानं पैसे कापणार? डाग पडला तर वॉरंटी जाते का? जाते, बहुतेकांची जाते. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रोटेक्टर घाला.

निळी पिशवी:
@निपाणीकर, तुमचं अजून लटकलेलं असेल तर १९१५ वर फोन करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलतात आणि कन्नडमध्येही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, दुकान कोल्हापूरचं असलं तरी. पक्कं बिल मात्र हवं. आपल्याकडं गादीचं बिल म्हणजे पाठकोऱ्या कागदावर आकडा, तसलं घेऊन काही होत नाही.

खानापूरकडचा:
एवढं कोणी दुकानात सांगितलं नाही. पट्ट्यांचा पलंग आहे, फटी मोजून घेतो. चुलतभाऊ अजून मेमरी फोमवर अडून बसलाय. आईला घ्यावी का? आणि जाडी सहा की आठ? दुकानदार आठच घ्या म्हणतो.

फिजिओ ताई:
दुकानदार आठ म्हणणारच, किंमत इंचावर चढते! जाडी ठरवायच्या आधी उंची मोजा. आईंना कॉटच्या कडेवर बसवायचं, तळपाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे खुब्यांच्या वर जाता कामा नयेत. बुटक्या बायकांना गादीसकट १८ इंचांच्या आसपास बरं पडतं, पण आकड्यापेक्षा प्रत्यक्ष बसवून बघा. कॉट १४ इंच असेल तर गादी चार-पाच इंच पुरे, आईंच्या वजनाला तेवढ्यात भागतं. आठ इंची घातली तर पाय लोंबकळतील आणि रात्री बाथरूमला उठताना घसरायची भीती. आप्पांना सहा इंच ठीक, पण पलंग जुना म्हणजे उंच असणार, तोही मोजा.

मेमरी फोम अंगाच्या उबेनं मऊ होऊन आकार घेतो. आराम वाटतो, पण ज्यांना कूस बदलताना त्रास होतो त्यांना त्यातून बाहेर पडायला जोर लावावा लागतो. गुडघे-कंबरवाल्या पेशंटांना मी जाड मेमरी फोम सांगत नाही. वर इंचभर थर असला तर हरकत नाही. गादीची कडही बघा. कडेवर बसल्यावर ती दबून पुढं ढकलत असेल तर वयस्कर माणसांना नको.

आणि आई-आप्पांना दुकानात घेऊन जा. त्यांच्याऐवजी तुम्ही झोपून उपयोग नाही. चप्पल काढून, रोज झोपतात त्याच कुशीवर, निदान दहा-पंधरा मिनिटं. उताणं झोपल्यावर कंबरेखाली हात घालून बघा. सहज आरपार गेला तर गादी कडक, अजिबात शिरत नसेल तर मऊ. आप्पांच्या पायाला मुंग्या येत असतील किंवा बधिर होत असेल तर मात्र ते गादीनं जाणार नाही, डॉक्टरांना परत दाखवा.

टिळकवाडीकर:
आप्पा दुकानात सगळ्यांसमोर झोपणार? आमचे तर बसलेसुद्धा नसते.

खानापूरकडचा:
तोच प्रश्न आहे! आई येईल, ती लगेच दोन दुकानदारांशी ओळख काढेल. आप्पांना बाजाराच्या दिवशी दुसरं काहीतरी काम सांगून न्यावं लागेल. आत्ता मोजलं, आईची कॉट १३ इंच आहे, म्हणजे पाच इंच, ३२ डेन्सिटी, चेनवालं कव्हर. आप्पांना खाली रिबॉन्डेड, वर ४० चा फोम, ७४ × ४७ मध्ये बनवून. @फोम कापणारा, पलंगाला चारही बाजूंनी लाकडी कठडा आहे. गादी नेमकी त्याच मापाची सांगू की थोडी कमी?

फोम कापणारा:
लांबी-रुंदी दोन्हीत अर्धा इंच कमी सांगा. नेमक्या मापाची घुसवली तर मध्ये फुगते आणि चादर खोचायला बोटं शिरत नाहीत. मापं सुताराच्या टेपनं तीन ठिकाणी घ्या. जुने पलंग पायथ्याला आणि उशाला सारखे नसतात, जिथं कमी भरेल ते माप धरा. बनवणाऱ्याकडून बिलावर थर लिहून घ्या: खाली किती इंच रिबॉन्डेड, वर किती इंच कुठल्या डेन्सिटीचा. आणि गादी घरी यायच्या आधी, कव्हर शिवायच्या वेळी, एकदा जाऊन बघून या.

खानापूरकडचा:
रविवारी जातो. वजनकाटा गाडीत टाकलाय.