मदत हवी आहे : नाताळच्या सुट्टीत तीन पिढ्यांनी एकाच टीव्हीसमोर बसून काय पाहावे?

सर्वांना नमस्कार.

आमचे घर नागपुरात प्रतापनगर भागात आहे. माझे धाकटे दीर गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टरला असतात. यंदा २१ डिसेंबरला ते, जाऊबाई आणि त्यांची दोन मुले दोन आठवड्यांसाठी येत आहेत. मुलगी दहा वर्षांची आहे आणि मुलगा सहा वर्षांचा. 'जेवायला चल' आणि 'हळू बोल' एवढी मराठी दोघांनाही समजते, पण गोष्ट समजण्याइतकी येत नाही, आणि हिंदी तर मुळीच येत नाही. माझे सासरे, म्हणजे बाबा, ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांची निम्मी हयात काटोलजवळच्या संत्र्याच्या बागेत गेली. इंग्रजी त्यांना येत नाही आणि डाव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. माझा मुलगा बारावीत असल्यामुळे तो अभ्यासाच्या नावाखाली खोलीत आणि क्रिकेटच्या नावाखाली हॉलमध्ये असतो. टीव्ही एकच आहे आणि दुसरा घेण्याचा विचार नाही.

तीन वर्षांपूर्वी ही मंडळी आली होती तेव्हा मी मोठ्या हौसेने एक इंग्रजी कौटुंबिक चित्रपट लावला होता. बाबांसाठी हिंदी आवाज निवडला तर मुलांना काही कळेना, आणि इंग्रजी ठेवून खाली हिंदी अक्षरे लावली तर ती बाबांना वाचून होण्याआधीच पुसली जात. ऐकू यावे म्हणून बाबांनी आवाज वाढवला, धाकट्याने कानांवर हात घेतले, आणि अर्ध्या तासाने बाबा 'तुमचं चालू द्या' म्हणत गच्चीवर निघून गेले. ते रागावले नव्हते. नातवंडांबरोबर बसण्याचा बेत जमला नाही, एवढेच होते. पण मला ते अजून लागून राहिले आहे.

आपण टीव्हीचा एवढा विचार कशासाठी करायचा, असे मीही जाऊबाईंना विचारले होते. त्यांनी सांगितले ते मला नवीन होते. तिकडे २५ डिसेंबरला रेल्वेगाड्या धावत नाहीत, मोठी दुकाने कायद्यानेच बंद असतात आणि दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे भरपेट जेवून सगळे कुटुंब टीव्हीसमोर बसते, हाच त्या दिवसाचा रिवाज झाला आहे. 'रेडिओ टाइम्स' नावाचे साप्ताहिक नाताळात दोन आठवड्यांचा जोडअंक काढते आणि मुले त्यात आपापल्या कार्यक्रमांभोवती पेनाने गोल काढून ठेवतात. (आपल्याकडे दिवाळी अंकांच्या याद्यांवर अशी पेने चालत असत, त्याची आठवण झाली.) दुपारी तीनला राजाचा संदेश असतो. पंचम जॉर्जने तो १९३२ मध्ये रेडिओवरून सुरू केला, राणी एलिझाबेथ १९५७ मध्ये त्यासाठी प्रथम टीव्हीवर आल्या, आणि २०२२ पासून तो राजे चार्ल्स देतात. तिकडचे तीन म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. हा संदेश आपल्या घरात लावावा की नाही, याबद्दल ह्यांचे आणि माझे एकमत नाही. बाबांनी मात्र 'आता कोण आहे त्यांचा राजा?' एवढेच विचारले.

नागपूरचा डिसेंबर याच्या अगदी उलट असतो, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. दिवसभर अंगणात ऊन खात संत्री सोलत बसण्याचे हे दिवस आहेत, आणि दुपारी मुलांना घरात टीव्हीपुढे बसवणे मला तरी पटणार नाही. साडेपाचनंतर सूर्य मावळला, गारठा वाढला आणि दारे लावून घेतली की मग सहा ते साडेआठ हा वेळ उरतो. साडेआठला बाबांचे जेवण होते आणि साडेनऊला ते झोपतात. म्हणजे मला हवे आहे ते या अडीच तासांत बसणारे, शक्यतो दीड तासाच्या आत संपणारे, आणि शब्दांवाचून समजणारे.

मी स्वतः थोडा शोध घेतला आहे. 'होम अलोन' हे नाव सगळेच सुचवतात, पण १९९० चा तो चित्रपट मोठीने इतक्या वेळा पाहिला आहे की पुढचे वाक्य ती आधीच म्हणते. शिवाय आईवडील लेकराला घरी विसरून विमानात बसतात, हे बाबांच्या गळी उतरणार नाही. ते चित्रपट संपेपर्यंत त्या आईवडिलांनाच बोलत राहतील. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा १९४६ चा कृष्णधवल चित्रपट मला स्वतःला फार आवडतो, पण तो दोन तासांहून मोठा आहे आणि सगळा संवादांवर चालतो. सहा वर्षांचा मुलगा त्यात पहिल्या पंधरा मिनिटांतच हरवेल. 'क्लाउस' हा २०१९ चा चित्रांचा चित्रपट दिसायला देखणा आहे, गोष्टही पोस्टमनची असल्यामुळे बाबांना जवळची वाटेल, परंतु त्यातही बोलणे पुष्कळ आहे.

तेव्हा माझी विनंती अशी. ज्यांच्या घरी आजोबा आणि नातवंडे यांना एक भाषा नाही, त्यांनी प्रत्यक्ष लावून पाहिलेले आणि सगळे शेवटपर्यंत बसून राहिले असे काही सुचवावे. मुले त्यांच्याकडचे अ‍ॅप आणि लॉगिन घेऊन येणार आहेत. ते इथे चालेल का, हेही सांगावे. आणि आवाजाचा प्रश्न कसा सोडवावा? बाबांना ऐकू यावे आणि बाकीच्यांचे कान वाचावेत, असे काही करता येते का?

प्रतिसाद १ (सदर, नागपूर)

ताई, चार्ली चॅप्लिन लावा. चॅप्लिनचे निधन १९७७ च्या नाताळच्याच दिवशी झाले, म्हणून आमच्या घरी २५ तारखेला त्याचा एक चित्रपट पाहण्याची पद्धत माझ्या वडिलांनी पाडली आणि ती आजही चालू आहे. तुमच्यासाठी 'द गोल्ड रश' उत्तम. बर्फात अडकलेला भुकेला चार्ली स्वतःचा बूट शिजवून ताटात वाढून घेतो आणि त्याचे खिळे हाडे चोखावीत तसे चोखतो, हे समजायला कोणती भाषा लागते? त्यात नववर्षाच्या आदल्या रात्रीचा प्रसंग आहे. जेवायला बोलावलेल्या मैत्रिणी येत नाहीत, आणि वाट पाहता पाहता डोळा लागलेला चार्ली स्वप्नात दोन काट्यांना पाव टोचून टेबलावर त्यांचा नाच करून दाखवतो. माझ्या नातीने दुसऱ्या दिवशी तोच नाच आमच्याकडे गुलाबजामांवर करून पाहिला.

एक गोष्ट मात्र पाहून घ्या. या चित्रपटाच्या दोन आवृत्त्या मिळतात. १९२५ ची मूळ आवृत्ती मूक आहे आणि सुमारे दीड तासाची आहे. १९४२ मध्ये चॅप्लिनने ती कापून सव्वा तासाच्या आत आणली, पण अधल्यामधल्या पाट्या काढून स्वतःच्या आवाजात इंग्रजी निवेदन घातले. वेळ पाहून तुम्ही दुसरी निवडाल आणि पुन्हा भाषेत अडकाल, म्हणून लिहिले. पहिलीच घ्या. इंग्रजी पाट्या पुतणी मोठ्याने वाचेल आणि तुम्ही त्या बाबांच्या उजव्या कानाशी मराठीत सांगा.

प्रतिसाद २ (पूर्वी बर्मिंगहॅम, आता पुणे)

आम्ही नऊ वर्षे तिकडे काढली, त्यामुळे अ‍ॅपविषयी आधी सांगते. बीबीसीचे आयप्लेअर भारतात चालत नाही. ते फक्त ब्रिटनमध्ये राहून पाहण्यासाठी आहे. नेटफ्लिक्सचे त्यांचे लॉगिन इथे चालेल, पण दिसणारी यादी भारतातली असेल, म्हणजे मुलांनी तिकडे पाहून ठेवलेले सगळे इथे सापडेलच असे नाही. त्यांना याची आधीच कल्पना द्या, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी रडारड होईल. आणखी एक: आपल्याकडे ऑनलाइन मालिका-चित्रपटांवर वयाची खूण असते. ती 'यू' किंवा 'यूए ७+' आहे ना, एवढे धाकट्यासाठी पाहा.

आता काय पाहावे. 'शॉन द शीप' या मातीच्या मेंढीच्या गोष्टींत माणसे नुसती पुटपुटतात, एकही शब्द नाही. एक शेतकरी, एक राखणीचा कुत्रा आणि मेंढ्यांचा कळप एवढीच पात्रे. तुमच्या सासऱ्यांनी शेती केली आहे म्हटल्यावर मला तेच आधी आठवले. त्याचा २०१५ चा पूर्ण चित्रपट दीड तासाच्या आत संपतो, आणि २०२१ मध्ये निघालेला नाताळचा विशेष भाग अवघ्या अर्ध्या तासाचा आहे. आधी अर्ध्या तासाचा लावून पाहा.

'द स्नोमॅन' ही २६ डिसेंबर १९८२ रोजी तिकडच्या चॅनेल फोरवर प्रथम दाखवलेली सुमारे पंचवीस मिनिटांची चित्रफीत तिथल्या पिढ्यांनी नाताळात पाहिली आहे. एका मुलाने केलेला बर्फाचा माणूस रात्री जिवंत होतो आणि त्याला उडत घेऊन जातो; मध्ये एक गाणे आहे, बाकी फक्त संगीत. माझ्या मते यापेक्षा सुंदर काही नाही, परंतु सकाळी तो बर्फाचा माणूस वितळलेला असतो आणि गोष्ट तिथेच थांबते. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना रात्रभर मुसमुसत होता. झोपण्याच्या अगदी आधी लावू नका, एवढेच.

आवाजाचे म्हणाल तर वायरलेस हेडफोनचा सल्ला सगळे देतात, पण अनेक टीव्हींत हेडफोन जोडला की बाकीच्यांचा आवाज बंद होतो. दोन्ही एकदम चालू ठेवण्याची सोय आहे का, ते ध्वनीच्या सेटिंगमध्ये पाहा. नसेल तर एक छोटा स्पीकर वायरने जोडून बाबांच्या खुर्चीजवळ, चांगल्या कानाच्या बाजूला ठेवावा. मग आवाज वाढवावाच लागत नाही. हा उपाय माझ्या आईसाठी केला होता.

प्रतिसाद ३ (नागपूर)

टीव्ही कशाला हवा? मुलांना फुटाळा तलावावर न्या.

प्रतिसाद ४ (वर्धा)

संध्याकाळचे झाले, पण पहाट राहिली. २६ डिसेंबरला मेलबर्नची बॉक्सिंग डे कसोटी आपल्या वेळेनुसार पहाटे पाच वाजता सुरू होते. बाबा लवकर उठत असतील, आणि एखादे पोरही त्यांच्याबरोबर उठले तर उत्तमच. क्रिकेटला भाषा लागत नाही, आणि समालोचन बंद करून पाहिले तर उलट बरेच वाटते. भारत खेळत नसला तरी मेलबर्नच्या मैदानावरची ती गर्दी पाहण्यासारखी असते. २०२० च्या डिसेंबरात अ‍ॅडलेडला छत्तीस धावांत गारद झाल्यानंतर याच मैदानावर अजिंक्य रहाणेने ११२ धावा करून सामना फिरवला, तो मी आणि माझ्या वडिलांनी एका रजईत बसून पाहिला होता. नाताळच्या आठवड्यातला तुम्हा नागपूरकरांचा सामना मात्र वेगळाच: २०१७ च्या २९ डिसेंबरला इंदूरला सुरू झालेला रणजी अंतिम सामना. विदर्भाचा गोलंदाज रजनीश गुरबानी याची हॅट्ट्रिक बाबांनी पाहिली असेल तर त्यांना नातवंडांना हाताने करून दाखवायला सांगा.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. फुटाळ्यावर नेणार आहोतच, पण तिथून परतल्यावर काय, हा माझा प्रश्न होता.

पुण्याच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री मेंढीचा नाताळचा भाग बाबांना एकट्यालाच दाखवून पाहिला. आवाज मुद्दाम कमी ठेवला होता. पहिली पाच मिनिटे ते 'हे बोलत काऊन नाहीत?' असे विचारत होते, मग गप्प झाले, आणि शेवटी म्हणाले, 'कुत्र्याले सारं समजते, मालकालेच काही समजत नाही.' नंतर आमच्या बागेवरच्या मोत्याची गोष्ट त्यांनी अर्धा तास सांगितली, म्हणजे ती गोष्ट त्या भागापेक्षा मोठी झाली. तेव्हा २२ तारखेची संध्याकाळ ठरली. २५ ला सहा वाजता 'द गोल्ड रश', मूकच, आणि साडेआठला दिरांच्या हट्टाखातर राजाचा संदेश, बाबांची पानावर बसण्याची वेळ न टाळता. 'द स्नोमॅन' दुपारच्या उन्हातून घरात आल्या आल्या दाखवावा, म्हणजे वितळण्याचे दुःख रात्रीपर्यंत विसरले जाईल, असा माझा अंदाज आहे.

पहाटेच्या कसोटीचे ऐकून बाबा आणि माझा मुलगा यांनी आत्ताच एकमेकांना शब्द दिला आहे. बारावीच्या अभ्यासाचे काय, ते मी नंतर पाहीन. स्पीकरसाठी टीव्हीच्या मागची बाजू पाहिली, तर तिथे हेडफोनचे गोल भोक नाही, फक्त चौकोनी झाकणाचे 'ऑप्टिकल' लिहिलेले आहे. त्यातून साध्या छोट्या स्पीकरला वायर जोडण्यासाठी मध्ये कोणता डबा लागतो, आणि तो सीताबर्डीवर कोणत्या गल्लीत मिळेल, एवढे कुणी सांगितले तर २१ तारखेच्या आत काम होईल.