मदत हवी आहे: अनुदान संपतंय, एपीसी किती ठेवावी?

उंबरझाड
आमच्या ओपन अ‍ॅक्सेस (सगळ्यांना फुकट वाचता येणाऱ्या) नियतकालिकाचं अनुदान दोन महिन्यांत बंद होतंय. मुदतवाढ नाही. लेखकांकडून एपीसी, म्हणजे लेख छापण्याची फी, घ्यायची तर किती? परवा संपादक मंडळाची बैठक आहे, आकडा हवाय. 'आधी धोरण ठरवा' वगैरे नको.

पानकावळा
आकडा कशावरून काढायचा? वर्षाला लेख किती, पैसे कशावर जातात, ओजेएस (नियतकालिकाचं सॉफ्टवेअर) कोण चालवतं?

उंबरझाड
३० लेख. ओजेएस विद्यापीठाच्या सर्व्हरवर, फुकट. पगार एकाच अर्धवेळ व्यक्तीला. आता सांगा.

रोकडा_हिशेब
खर्च भागिले ३०. झालं.

शाईची_बाटली
झालं कसं? निम्म्या लेखकांना फी माफ करावी लागली तर भागाकार १५ ने, म्हणजे दर दुप्पट. दर चढला की माफी मागणारेही वाढतात. शिवाय नाकारलेल्या लेखांच्या परीक्षणाचा खर्च स्वीकारलेल्यांच्या माथी, आणि तूट दिसली की लेख 'घेऊन टाकू' असं वाटायला लागतं. फी घ्यायचीच तर माफीचे अर्ज संपादकांकडे जाऊ देऊ नका, आणि सध्या परीक्षणात असलेल्या लेखांना ती लावू नका.

तिसरा_परीक्षक
इम्पॅक्ट फॅक्टर (लेखांना सरासरी किती उद्धरणं मिळतात तो आकडा) आहे का? नसेल तर आधी त्याच्या मागे लागा.

पानकावळा
त्याचा इथे काय संबंध? उंबरझाड, ती अर्धवेळ व्यक्ती नेमकं काय करते?

उंबरझाड
भाषासंपादन, पानांची जुळणी, डीओआय (प्रत्येक लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक) नोंदणी, शिवाय छापील अंक ग्रंथालयांना पाठवणं.

पानकावळा
छापील अंक?! वर्गणी घेता?

उंबरझाड
हो, ९० ग्रंथालयं. पण त्याचं इथे काय? मी ऑनलाइनबद्दल विचारतोय.

मुक्तछंद
मग सबस्क्राइब टू ओपन! अ‍ॅन्युअल रिव्ह्यूज या प्रकाशकाने २०२० मध्ये सुरू केलं. पुरेशा ग्रंथालयांनी नूतनीकरण केलं की त्या वर्षाचे अंक सगळ्यांना खुले, नाहीतर वर्गणीदारांपुरते.

शाईची_बाटली
यांचं नियतकालिक आधीच खुलं आहे. 'पैसे द्या, नाहीतर बंद करू' हे त्यांनी कुठल्या तोंडाने म्हणायचं? बंद केलंच तर डीओएजे या ओपन अ‍ॅक्सेस नियतकालिकांच्या सूचीतून नावही जाईल. यांना जवळचा नमुना ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीजचा: ग्रंथालयं सदस्यशुल्क देतात, लेखकाला फी नाही, वाचकालाही नाही.

पानकावळा
सहमत. वर्गणीतून छपाई आणि टपाल वजा करून काय उरतं ते काढा. बहुधा फार नाही. छापील अंक थांबवून तीच रक्कम 'वार्षिक संस्था सदस्यत्व' म्हणून मागा. पत्रात 'देणगी' शब्द नको: बऱ्याच ग्रंथालयांना देणगी देता येत नाही, बिलावर पैसे देता येतात. बिल त्यांचं अंदाजपत्रक ठरण्याआधी पोचायला हवं, नंतर गेलं तर वर्षभर थांबा. काही गळतील, ते धरूनच हिशेब मांडा.

रोकडा_हिशेब
आणि डीओआय बंद केले की तेवढे पैसे वाचतील.

शाईची_बाटली
वाचून किती वाचणार? नव्या लेखामागे डीओआय नोंदवणारी क्रॉसरेफ संस्था १ डॉलर घेते, म्हणजे ३० लेखांचे ३० डॉलर; वार्षिक वर्गणी वेगळी. सदस्यत्व गेलं की जुन्या लेखांचे डीओआयमागचे वेबपत्तेही बदलता येत नाहीत. उद्या सर्व्हर हलला की सगळे डीओआय मेलेल्या पानावर. खर्च भाषासंपादन आणि जुळणीत आहे, तिथे बघा: लेखकांना वर्ड टेम्प्लेट सक्तीचं करा, संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून मागवा.

पानकावळा
आणि पीकेपी प्रिझर्वेशन नेटवर्क (लेखांच्या प्रती कायम जपणारी सेवा) चं ओजेएस प्लगिन आज चालू करा. फुकट आहे, आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) आणि किमान एक प्रकाशित अंक हवा. ओजेएसची आवृत्ती कोणती?

उंबरझाड
२.४.८.

पानकावळा
अरे देवा, फारच जुनी. मग प्लगिन राहू द्या, आधी डेटाबेस, फाइल्सचं फोल्डर आणि कॉन्फिग फाइल तिन्हींचा बॅकअप घ्या. थेट ताज्या आवृत्तीवर उडी मारू नका, टप्प्याटप्प्याने जा, आणि तेही प्रतीवर.

उंबरझाड
बरं. ग्रंथालयांचा हिशेब उद्या लेखाविभागाकडून मागवतो. पण मंडळाने एपीसी विचारलीच तर काय सांगू?

रोकडा_हिशेब
खर्च भागिले १५.