कर्ज बुडवलं म्हणून श्रीलंका वाईट?

"श्रीलंकेने कर्ज बुडवलं, पाकिस्तानने नाही, म्हणजे पाकिस्तानचं बरं चाललंय" हे मला अर्धंच पटतं. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जफेड थांबवली, सप्टेंबरात महागाई ७० टक्क्यांच्या घरात गेली, पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा लागल्या हे खरंच. पण पाकिस्तानही वाचला तो २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने तीन अब्ज डॉलर मंजूर केले म्हणून. त्याआधी मे महिन्यात तिथली महागाई ३८ टक्क्यांवर होतीच.

आता जरा माणसांकडे बघा. श्रीलंकेत नव्वद टक्क्यांहून जास्त लोक साक्षर, सरकारी रुग्णालयात उपचार मोफत, सरासरी आयुर्मान पाकिस्तानपेक्षा बऱ्याच वर्षांनी जास्त. पाकिस्तानात दोन कोटींहून अधिक मुलं शाळेबाहेर आहेत. नाणेनिधीचा हप्ता आला म्हणून ती शाळेत जाणार नाहीत.

आणि राजकारण? श्रीलंकेच्या जनतेने तेव्हाचे अध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांना पळवून लावलं, मग २०२४ मध्ये रीतसर मतदान करून नवा अध्यक्ष निवडला. पाकिस्तानात आजवर एकाही पंतप्रधानाला पाच वर्षं पूर्ण करता आलेली नाहीत.