घरीच शाळा: नाशिकच्या ख्रिस्ती घरांनो, तुमचं कसं चाललंय?

धागा काढणारी (कॉलेज रोड, मुली 11 आणि 7)

दर रविवारी उपासना संपली की चहाच्या वेळी कोणीतरी मला बाजूला घेतंच. "ताई, तुम्ही नेमकी कुठली पुस्तकं वापरता?" दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून हा धागा. पुस्तकं कशी निवडलीत, कुठे फसलात, घरात कोण रुसलं, सगळं लिहा. एकच विनंती, "प्रभूने मार्ग दाखवला" एवढंच लिहून थांबू नका. दाखवला असेलच, पण गणिताला कुठलं पुस्तक दाखवलं तेही सांगा.

सुरुवात मीच करते. थोरली पहिलीत जायच्या वयाची होती तेव्हा नात्यातल्या एकांनी अमेरिकेहून येताना अख्खी बॅग भरून पुस्तकं आणली. सगळी एकाच ख्रिस्ती प्रकाशनाची. शिकवणारीने काय बोलायचं ती वाक्यंसुद्धा छापलेली. पहिला महिना आम्ही हरखून गेलो. दुसऱ्या महिन्यात गणितात अमेरिकन नाणी आली. एका मुलाकडे दोन डाइम (दहा-दहा सेंटची) आणि तीन निकल (पाच-पाच सेंटची) आहेत, तर एकूण किती सेंट? मी पुठ्ठ्याची नाणी कापून दिली, चार दिवस घोकून घेतलं, पोरीला 35 हे उत्तर झोपेतही येईल इतकं. त्याच संध्याकाळी खालच्या दुकानात वीसची नोट देऊन तिने पाचचा पुडा घेतला आणि सुटे न घेता घरी आली. किती परत यायला हवे होते, ते सांगता येईना.

तेही एक वेळ चाललं असतं. रात्रीची प्रार्थना मात्र लागली मनाला. पुस्तकातली वचनं इंग्रजीत, गाणी इंग्रजीत, म्हणून मुलगी देवाशीही इंग्रजीतच बोलायला लागली. सासूबाई शेजारी डोळे मिटून बसायच्या आणि शेवटी आमेन म्हणायच्या. एक दिवस मला स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारतात, "काय मागितलं गं तिनं? मी आमेन म्हटलं खरं."

दुसऱ्या दिवसापासून पवित्र शास्त्र आणि वचनपाठांतर मराठीत. गणित बालभारतीचं, फुकट पीडीएफ उतरवून घेतलेलं. बॅगेतली गोष्टींची पुस्तकं तेवढी ठेवली, ती खरंच छान आहेत.

उपनगर, मुलगा 10

आमच्याकडे शिकवतो तो बाप, म्हणजे मी. बायको नर्स, तिच्या ड्यूट्या कशाही असतात. मी अंबडला कंपनीत, बहुतेक वेळा सेकंड शिफ्ट. त्यामुळे सकाळी साडेआठ ते बारा शाळा. सोसायटीत दोन वर्षं समज होता की माझी नोकरी गेलीय. एका काकांनी तर ओळखीत काम बघतो म्हणून बायोडेटा मागितला.

आम्ही पुस्तिकांची पद्धत घेतली होती. प्रत्येक विषयाच्या वर्षाला बारा पातळ पुस्तिका, मुलाने स्वतः वाचायच्या, स्वतः तपासायच्या, चाचणीत 80 टक्के पडले की पुढची. माझ्यासारख्याला हे वरदानच वाटलं. पोरगं सुसाट सुटलं, सहा महिन्यांत वर्षभराचं इंग्रजी संपवलं. मी मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, मिरवलंसुद्धा. मग एकदा सहज वही उघडली. "तुला कुठला प्राणी आवडतो आणि का?" या प्रश्नाखाली सुंदर अक्षरात उत्तर होतं: उत्तरे वेगवेगळी असू शकतील.

उत्तरपुस्तिका आता माझ्या डब्याच्या पिशवीत असते. पद्धत वाईट नाही हो, पण दहा वर्षांच्या पोराच्या हातात उत्तरं देऊन आपण भाजी आणायला जायचं नसतं.

जेल रोड, मुलं तीन, सर्वांत धाकटं दीड वर्षाचं

माझी अडचण पुस्तकांची नाहीच. माझी अडचण पाहुण्यांची. "तुम्ही काय, घरीच असता" म्हणून अकरा वाजता जावा येतात, गॅसवाला येतो, शेजारच्या चार घरांची पार्सलं माझ्याकडे येतात. भागाकार अर्धा राहतो. दारावर पाटी लावली, "वर्ग चालू आहे." नणंदेने त्या पाटीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

नाशिक रोड, मुलगी 12

पोरीला मिशनऱ्यांची चरित्रं वाचायला द्यायची हे आमच्या अभ्यासक्रमात होतंच. गेल्या पावसाळ्यात लिव्हिंगस्टन आला. मला धास्ती होती की पुन्हा तेच, गोरा माणूस, काळं जंगल, संपलं पुस्तक. शेवटच्या प्रकरणापर्यंत तसंच चाललंही होतं. 1873 साली तो आफ्रिकेत वारला आणि त्याच्या सोबत्यांनी त्याचा देह शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत आणला. तिथे दोन शब्द होते, "नासिक बॉइज". पोरगी वाटाणे सोलता सोलता ताडकन उठली. "आई, हे आपलं नाशिक?"

आपलंच. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना चर्च मिशनरी सोसायटीने आपल्या शरणपूरला ठेवून शिकवलं होतं. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं. त्यांतलाच जेकब वेनराइट. तो त्या देहासोबत थेट इंग्लंडला गेला आणि 1874 साली वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं तेव्हा हजर होता. शरणपूर रोडवरून आम्ही आयुष्यभर रिक्षा पकडतो, आणि त्या नावातला "शरण" कुठला हे मला चाळिशीत कळलं!

पुढचे तीन आठवडे आमचा ठरलेला तक्ता मी गुंडाळून ठेवला. शरणपूरच्या जुन्या चर्चच्या आवारात गेलो. सार्वजनिक वाचनालयात गेलो, ते तर 1840 पासूनचं, म्हणजे त्या मुलांच्याही आधीचं. पोरीने नकाशावर नाशिक, मुंबई, झांझिबार अशी रेघ ओढली. त्या मुलांना घरची आठवण यायची का, मराठीत बोलायची का, असं ती विचारत राहिली. मला बऱ्याच गोष्टी सांगता आल्या नाहीत. वेळापत्रकाप्रमाणे तेव्हा आम्ही इंग्लंडहून जहाजाने अमेरिकेत प्लायमाउथला उतरलेल्या लोकांवर असायला हवं होतं. ते अजून जहाजातच आहेत.

गंगापूर रोड, मुलं 8 आणि 6

वरच्या ताईंना दुजोरा. आम्ही शार्लट मेसनच्या पद्धतीने करतो. ही इंग्लंडमधली शिक्षिका, 1923 साली वारली, स्वतः श्रद्धाळू. तिचं म्हणणं साधं. धडे छोटे, पंधरा-वीस मिनिटांचे, पुस्तकं जिवंत, मुलाने ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं, आणि निसर्गाची वही. वहीसाठी मिळालेल्या यादीत रॉबिन आणि कार्डिनल हे तिकडचे पक्षी होते. ते आमच्या गच्चीवर कुठून येणार? यादी फाडली. आता बुलबुल, शिंजीर, खंड्या, आणि थंडीत एकदा नांदूर मध्यमेश्वर. 2020 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेली महाराष्ट्रातली ती पहिली पाणथळ जागा, आपल्यापासून तासाभरावर. धाकट्याने वहीत राखी बगळ्याखाली लिहिलंय, "हा माझ्या आजोबांसारखा उभा राहतो." वाचायला किशोरचे जुने अंक पुरतात.

सातपूर, मुलगा 14

थोडा वादाचा विषय काढतो. मी बांधकामावर इंजिनियर, काळ्या पाषाणाशी रोजची गाठ. आमच्या ख्रिस्ती विज्ञानाच्या पुस्तकात पृथ्वीचं वय काही हजार वर्षं दिलं होतं. पांडवलेण्याच्या पायऱ्या चढताना मी सवयीने बोलून गेलो की हा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पोरगा तिथेच बसला. "पप्पा, पुस्तक चुकलंय की दगड?"

खरं सांगतो, मला चटकन काही सुचलं नाही. पाणी प्यायलो. मग म्हटलं, दगड मला माहीत आहे, तो चुकलेला नाही. देव खोटं बोलत नाही हेही माहीत आहे. पुस्तक लिहिणारा माणूस होता. घरी येऊन आम्ही उत्पत्तीचा पहिला अध्याय पुन्हा सावकाश वाचला आणि बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा, आनुवंशिकता व उत्क्रांती, तोही वाचला. दोन्ही वाचून त्याला अजून प्रश्न आहेत, मलाही आहेत. हे मी मंडळीत बोललो तर एका भावाने दोन महिने माझ्याशी हात मिळवला नाही. पण परीक्षा बाहेरचीच द्यायची आहे, आणि तिथे दगडाचं वय विचारतात.

धागा काढणारी

परीक्षेचा विषय निघालाच आहे तर कागदपत्रांचं कोणीतरी लिहा. मला रात्री झोप येत नाही त्यापायी.

इंदिरानगर, थोरली 10वी झालेली

लिहितो. आमची एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून झाली. वय 14 पूर्ण लागतं. किमान पाच विषय, त्यांत एक भाषा हवीच. मराठी माध्यमही आहे. आधीच्या इयत्तेचा दाखला नसला तरी स्वयंघोषणेवर प्रवेश होतो, जन्माचा दाखला आणि आधार मात्र नीट हवेत. आईचं नाव एकीकडे माहेरचं आणि एकीकडे सासरचं असेल तर आजच दुरुस्त करा, आमचे त्यात सात महिने गेले. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाच वर्षांत नऊ संधी, म्हणून एकेक-दोन-दोन विषय करून सोडवता येतात. आम्ही गणित आणि इंग्रजी आधी उडवलं.

दुसरी वाट राज्य मंडळाची, 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून 10वीला बसायचं. त्याला निदान पाचवी पास असल्याचा शाळेचा कागद लागतो. म्हणून आमच्या ओळखीतले काही जण पाचवीपर्यंत शाळेत ठेवून मग काढतात.

आणि जे कोणी सांगत नाही ते, शाळा सोडल्याचा दाखला, जो घरी शिकलेल्या मुलाकडे नसतो. आपल्याकडे जात, जन्मगाव, राष्ट्रीयत्व सगळं त्या एका कागदावर बघायची सवय. पुढे जातीचा दाखला काढायचा झाला की आमच्यासारख्या धर्मांतरित घरांना तोच कागद आधी मागतात. आजोबांचा, वडिलांचा, चुलत्याचा, ज्याचा मिळेल त्याचा जुना दाखला आताच शोधून लॅमिनेट न करता जपून ठेवा. लॅमिनेट केलेला घ्यायला कुरकुर करतात.

घरी शिकलेला, आता कॉलेजात

मी 15 वर्षं घरी शिकलो. बरं-वाईट दोन्ही लिहितो. पुस्तक समोर ठेवलं की स्वतः वाचून समजून घेता येतं, वर्गात हे खूप जणांना जमत नाही. पण सर भरभर सांगतात ते उतरवून घ्यायची सवय नव्हती, पहिले तीन महिने मित्राच्या वहीवर काढले. कँटीनमध्ये धक्काबुक्कीत पुढे घुसता यायचं नाही, वडापाव संपायचा. आणि मार्च महिना. कॉलनीतली सगळी पोरं परीक्षेसाठी गायब व्हायची आणि मी बॅट घेऊन एकटा भिंतीवर बॉल मारायचो. आई-पप्पांना हे मी कधी सांगितलं नाही. आईबाबांनो, तुमच्या मुलाला मार्चमध्ये काय करायला लावता ते बघा.

पंचवटी, मुलगी 9

आम्ही दोन वर्षं केलं आणि पुन्हा शाळेत घातलं. कारण मी थकले. सकाळी आई, दहाला शिक्षिका, एकला पुन्हा आई, आणि रात्री नवऱ्याने "आज काय शिकवलंस?" विचारलं की मला मुख्याध्यापकांसमोर उभं असल्यासारखं व्हायचं. मंडळीतल्या एकीने विश्वास कमी पडला असं सुचवलं. नीतिसूत्रांत मुलाला शिक्षण द्यायला सांगितलंय ते त्याच्या "स्थितीस अनुरूप". तिथे आईची स्थिती लिहिलेली नाही, पण मी ती धरली. मुलगी शाळेत मजेत आहे. संध्याकाळचं कौटुंबिक वाचन तेवढं सुटलेलं नाही.

धागा काढणारी

पंचवटीच्या ताई, हे लिहिलंत ते बरं केलंत. मीही गेल्या वर्षी जूनमध्ये एका शाळेचा फॉर्म आणून ठेवला होता, अजून कपाटात आहे.

आता सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्यांना पण लिहायचंय. त्या सांगतायत, मी टंकते.

सासूबाई (77)

सगळ्यांना जय ख्रिस्त. तुम्ही लोक अमेरिकेची नावं फार घेता. लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, जलालपूरच्या. शाळेचं तोंड बघितलं नाही. नवऱ्याने घरात अक्षर ओळख करून दिली, आणि पुढे त्याच बाईंनी स्मृतिचित्रे लिहिली. मला ती माझ्या आईने वाचून दाखवली होती. आता मी थोरल्या नातीला वाचून दाखवते, दुपारी, लसूण सोलताना. तिला ते सोवळं-ओवळं आधी कळत नाही, मग मी थांबून सांगते, त्यात लसूण राहून जातो आणि सून ओरडते.

रात्री आता ती मराठीत प्रार्थना करते, त्यामुळे काय मागते ते मला कळतं. परवा उद्याचं गणित रद्द होऊ दे म्हणून मागत होती. त्याला मी आमेन म्हटलं नाही.