उत्तर: मेंदू खाणारा प्राणी??
सी स्क्विर्ट हा समुद्रात खडकाला चिकटून राहणारा प्राणी स्वतःचाच मेंदू खातो हे वाचायला भारी वाटतं पण अर्धंच खरं आहे. सी स्क्विर्टची अळी डोक्याकडून खडकाला चिकटली की शेपूट, नोटोकॉर्ड (पाठीतला लवचिक दांडा), डोळ्याचा ठिपका सगळं शरीरातच जिरवून टाकते, अळीचा मेंदूही बराचसा त्यात जातो, मान्य, पण पूर्ण वाढ झालेल्या प्राण्यात पाणी आत घ्यायची आणि बाहेर टाकायची अशा ज्या दोन नळ्या असतात त्यांच्यामध्ये नवीन गँग्लियन, म्हणजे मज्जापेशींचा गुच्छ, तयार होतं आणि तेच पुढे काम करतं. म्हणजे अगदीच बिनडोक नाही हो बिचारा.

आणि कुणीतरी सी स्क्विर्टला 'शिंपल्यांचा भाऊबंद असणार' म्हटलंय, तर पूर्वी शास्त्रज्ञही त्यांना मृदुकायांतच धरायचे, १८६६ मध्ये कोवालेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने अळीतलं नोटोकॉर्ड दाखवलं तेव्हा कुठे ते आपल्या कॉर्डेट (नोटोकॉर्डवाल्या प्राण्यांच्या) खानदानात आले. मला मात्र त्यांचं जाड आवरण जास्त चक्रावून टाकतं, त्यात सेल्युलोज असतं, तेच आपल्या कापसातलं! प्राण्यांमध्ये स्वतः सेल्युलोज बनवणारे हे ट्युनिकेटच (सी स्क्विर्ट ज्या गटात येतात तो गट), आणि त्याचं जनुक फार पूर्वी बहुधा बॅक्टेरियाकडून उचललेलं.