आई दोनदा पडली, तोलासाठी घरी काय करून घ्यावं?

कृष्णाकाठ, सांगली
नमस्कार मंडळी. आई ७४ची. दोन महिन्यांत दोनदा पडली, एकदा बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून आणि एकदा देवासमोरनं उठताना. नशीब हाड मोडलं नाही, कोपर तेवढं काळंनिळं झालं. पण तेव्हापासनं तिनं धास्तीच घेतलीय, गणपती मंदिरापर्यंत चालत जाणारी बाई आता गॅलरीतपण जात नाही, आणि आम्हीपण "तू बस गं, मी आणतो" करत बसलोय. शेजारचे म्हणतात रोज चालवा, तोल आपोआप येईल. खरंय का?

साताऱ्याची_सून
दादा, ते "तू बस" आधी बंद करा. आमच्या सासूबाई बसून बसून मांड्यातली ताकद घालवून बसल्या, मग उठताना जास्तच झोक जायला लागला. फिजिओताईंनी स्वयंपाकाच्या ओट्याला धरून करायला शिकवलं, ओटा कसा हलत नाही ना. आधी दोन्ही हात, मग एक, मग नुसती बोटं टेकवून. टाचा उचलायच्या, चवडे उचलायचे, एका पायावर दहा आकडे, मग ओट्याच्या कडेनं एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत चालायचं. मागं खुर्ची, जवळ कुणीतरी पाहिजेच. कुकर लावला की त्या सुरू करतात, तीन शिट्ट्या झाल्या की बास!

चार_भिंती_७१
चालण्याचं म्हणाल तर मी रोज साताऱ्यातल्या चार भिंती टेकडीपर्यंत चढून जातो, पण पँट घालताना भिंत धरायला लागायची. घरात कुणाला सांगितलं नव्हतं हे. आता दात घासताना बेसिनला धरून एका पायावर उभा राहतो, महिना झाला, फरक आहे.

मिरजेचा_फिजिओ
काकांनी बरोबर पकडलंय. चालणं चांगलंच, पण तोलाचा सराव वेगळा लागतो. जागतिक आरोग्य संघटना ६५च्या पुढच्यांना आठवड्यातनं किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगते. खुर्चीतनं हात न टेकता उठ-बस हा त्यातला राजा, जमत नसेल तर खाली उशी ठेवून सीट उंच करा.
पण दोनदा पडल्यात तर आधी डॉक्टर. देवासमोरनं उठताना पडल्या म्हणून विचारतो, झोपून आणि उभं राहिल्यावर असं बीपी मोजलंय का? वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर नुसत्या व्यायामानं भागणार नाही. बीपीच्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर दाखवा, स्वतःहून बंद करू नका. मोतीबिंदूपण बघून घ्या.

कृष्णाकाठ
आत्ताच मोजलं. झोपून १३८, उभं राहिल्यावर ११२!! उद्याच नेतो. बाथरूमसमोरचं ते सरकणारं पायपुसणंपण काढलं. ओट्याचं सांगितलं तर आई म्हणते, ओट्यापाशी उभंच राहायचंय तर मग भाकरी मीच थापते, तुझ्या बायकोच्या जाड होतात.